आबांचा डावा पाय

हणमंतराव आमच्या गावचे, सुताराचे थोरले. दिल्लीत एका सरकारी कार्यालयात अडतीस वर्षं त्यांनी फायली वाहिल्या. या मजल्यावरून त्या मजल्यावर, जिन्यानं. निवृत्त झाले तेव्हा सरोजिनी नगरचा क्वार्टर सुटला आणि गुडघेही सुटले. आता गाझियाबादला तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या घरात राहतात.

पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तीत त्यांच्या वडिलांची, आबांची हत्यारं. करवत, रंधा, तीन पटाश्या, एक हातोडी. दर दसऱ्याला हळदकुंकू लागतं आणि पेटी पुन्हा आत जाते. यंदा श्रावणात गावाहून धाकट्या भावाचा, भाऊसाहेबाचा फोन आला.

"दादा, तुला मांडी घालता येत नाही. सुतारकाम काय खुर्चीत बसून करणार हायेस? दसऱ्यापर्यंत रंध्यानं एक छिलका पाडून दाखव. न्हाईतर हत्यारं इकडं धाड. लोखंडाला हात लागंना की ते मरतं."

भाऊसाहेबाचं खरंच होतं. आबा जमिनीवर बसून काम करत, गावातले सगळे सुतार तसेच करत. हणमंतरावांना मात्र डॉक्टरांनी जमीन बंद केली होती.

मग त्यांनी ठरवलं, उभ्यानं काम करायचं. त्याला कामाचा उंच बाक लागेल. घराण्यातला पहिला बाक.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी आराखडा काढायला घेतला. बाल्कनी मोजली. कूलरची जागा सोडून चार फूट लांबी मिळाली, दीड फूट रुंदी. राहिली उंची. त्यांनी पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचली आणि शेजारी ताठ उभे राहिले. टेप धरायला इंदुमतीबाई होत्या.

"अहो, फोटो काढायचाय का?" त्या म्हणाल्या. "काम करताना माणूस असा उभा राहतो? दिवसभराचे दमलेले उभे राहा बघू, नेहमीसारखे."

ते नेहमीसारखे उभे राहिले. खांदे उतरले, पाठ वाकली, मनगट दोन इंच खाली आलं. बाईंनी तिथं पेन्सिलीनं खूण केली. बत्तीस इंच. "आणि माझे कपडे कुठं वाळायचे?" हा प्रश्न तिथंच लोंबकळत राहिला.

आठ दिवस ते आराखडा खोडत होते. पाय सालवृक्षाच्या लाकडाचे, वरची फळी जाड, खाली आडवी दांडी. सगळं जागच्या जागी होतं. तरी बघताना वाटायचं, यात कुणीतरी नाही. कोण, ते सापडायचं नाही. मग कागद गुंडाळून आडवे व्हायचे.

शेवटी दमून त्यांनी मेट्रो धरली आणि कीर्तिनगरच्या लाकूडबाजारात गेले. एका हत्यारांच्या दुकानात कागद पसरला. अडतीस वर्षं हिंदी बोलूनही थकल्यावर त्यांच्या तोंडून मराठीच निसटते.

"भैया, एक बाक बनवाना है. ऐसा."

दुकानदारानं कागदाकडं पाहिलंच नाही. "बांक बनवानी क्यों, अंकलजी? बनी-बनाई ले जाओ." आणि त्यानं फळीवरून एक लोखंडी जबडा काढून धाडकन समोर ठेवला; हिंदीत बांक म्हणजे लाकूड आवळून धरायचा शिकंजा. दांडी फिरवली. जबडा मिटला. "लकड़ी पकड़ेगी तो हिलेगी नहीं."

हणमंतराव 'मी कामाचा बाक म्हणालो' असं सांगणार होते. पण नजर जबड्यावरच अडकली.

त्या जबड्यात त्यांना एक अंगठा दिसला. आबांच्या डाव्या पायाचा, रुंद, चपटा, नखाशी भेग पडलेला. आबा फळीचं टोक त्या अंगठ्यानं दाबून धरत आणि रंधा चालवत. फळी तसूभर हलत नसे. आराखड्यात सगळं होतं, पण लाकूड धरायचं कुणी, तेच नव्हतं. लहानपणापासून त्यांनी ते काम एका पायालाच करताना पाहिलं होतं. पायाला कुणी हत्यार समजत नाही.

जबडा पिशवीत घालून ते घरी आले. तीन जिने. प्रत्येक वळणावर पिशवी खाली ठेवली, पायरीवर टेकले, पुन्हा उठले. वर पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

नोएडाच्या ऑफिसातून आलेली त्यांची लेक क्षिप्रा कागदावर वाकली. बाकाच्या डाव्या टोकाला बाबांनी एक नवा चौकोन काढला होता आणि बाजूला अक्षरं लिहिली होती.

"बाबा, हे 'आबांचा पाय' काय आहे? बेंचला तर ऑलरेडी चार पाय आहेत ना?"

"हा पाचवा," ते म्हणाले. "हा धरतो."

"अच्छा," ती म्हणाली. तिला कळलं नव्हतं, पण तिनं पिशवी उचलून पाहिली, तिचं वजन हाताला कळलं आणि दोन्ही हातांनी ती जपून खाली ठेवली.

हणमंतरावांनी फोन लावला. "भाऊ, हत्यारं पाठवत नाही."

"बसता यायला लागलं व्हय?"

"नाही."

"मग?"

"डावा पाय मिळाला." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

अजून लाकूड आणायचं होतं, कापायचं होतं, दसऱ्याला अठरा दिवस उरले होते. त्यांनी पेटी ओढून घेतली, पलंगाच्या कडेला बसले आणि रंध्याच्या पात्यावर तेलाचं बोट फिरवू लागले. बाल्कनीत इंदुमतीबाई स्टुलावर चढून कपड्यांची तार एक खिळा वर बांधत होत्या.