पुऱ्या होईपर्यंत

संभाजी रणदिव्याची झाडून सगळी गाणी मी ऐकली आहेत, पण अर्धी अर्धी. त्यात माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. ऑकलंडच्या आमच्या मराठी मंडळात पुऱ्या तळायचं खातं माझ्याकडे होतं आणि पुऱ्या होईपर्यंत लोकांना खुर्च्यांवर बसवून ठेवायचं खातं संभाजीकडे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून "झाल्या!" म्हणून ओरडले, की आमच्या सेक्रेटरी मृणालिनीताई शिट्टी वाजवत आणि संभाजी जिथे असेल तिथे थांबे. कडव्याच्या मधे असला तर मधे. एकदा तर "प्रिये, तुझ्याविना मी" एवढंच म्हणून झालं होतं. तिच्याविना त्याचं पुढे काय झालं, ते आमच्या पापाटोएटो उपनगरात अजून कुणाला कळलेलं नाही.

तो मूळचा खडकीचा. शिक्षणानं इंजिनिअर, काम पाण्याच्या पाइपलाइनचं. २००२ साली बायको सुजाता आणि लहानग्या सिद्धीला घेऊन इकडे आला आणि एका डेअरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहू लागला. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. पहिल्या दिवशी तो बरणी घेऊन दूध आणायला गेला होता, हे तो स्वतःच सांगतो. गाणी करायची खोड त्याला इथल्या ट्रेननं लावली. ट्रेन यायचीच नाही. पुण्यात असता तर त्यानं चार लोकांशी भांडून वेळ काढला असता. इथे फलाटावर भांडायलाही कुणी नसतं, म्हणून त्याला गाणं सुचलं, असं माझं मत आहे. मग कुणाच्या तरी गॅरेज सेलमध्ये एक गिटार मिळाली. तिच्यावर आधीच्या मालकाच्या मुलानं डायनोसॉरचे स्टिकर लावले होते, ते यानं कधी काढले नाहीत.

शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजही त्याचाच, आणि विषय सगळे इथले. न येणाऱ्या ट्रेनचं एक गाणं. थंडीत मोज्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दुकानात जाणाऱ्या देसाईकाकांचं एक. एक गाणं गाडीच्या वॉरंटवर, म्हणजे तिच्या फिटनेसच्या दाखल्यावर. या देशात माणसाची तब्येत कशीही असली तरी चालतं, गाडीची तपासून घ्यावी लागते, असं काहीतरी त्यात होतं. मी वॉरंटपर्यंत पोहोचले होते, मग पुऱ्या झाल्या.

२००४ साली त्यानं गॅरेजमध्ये सीडी काढली. मुखपृष्ठावरचा फोटो सुजातानं काढला. हात कुठे ठेवू ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते जोडले. झालं! बाजारात सीडी विकणाऱ्या चिरागभाईंनी ती सीडी सरळ भजनांच्या रांगेत लावली. सीडी खपायला लागली तेव्हा संभाजी हवेत होता. मग रोटोटुना भागातल्या एका वास्तुशांतीत ती वाजली. पाहुणे हात जोडून, डोळे मिटून बसलेले, आणि सीडीतून आवाज आला, "जँडल, जँडल, एक डावी, एक कुणाची?" गुरुजी म्हणे मंत्र विसरले. तरी एका आजींनी शेवटपर्यंत हात सोडले नाहीत. त्याची पहिली खरी चाहती तीच, असं मी त्याला सांगितलं, तर बिचारा खूश झाला.

आमच्या लोकांचं एक आहे. बारा हजार किलोमीटर उडून आले तरी यांना गाणं लागतं ते आईच्या लग्नाआधीचं. नवीन गाणं सुरू झालं, की एकेकाला गाडी नीट लावली का ते आठवतं. त्यामुळे संभाजीला कार्यक्रमपत्रिकेत कधी जागा मिळाली नाही. मृणालिनीताई ऐन वेळी म्हणायच्या, "संभाजी, तुझं ते लाइट काहीतरी होऊ दे रे, पुऱ्या होईपर्यंत." आणि तो डायनोसॉर पोटाशी धरून उभा राहायचा. मला त्याचा राग यायचा. एकदा तरी म्हणावं ना माणसानं, की मी लाइट नाही!

२००७ च्या फेब्रुवारीत त्याचे वडील आले, श्यामराव. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केलेली, पण खरा माणूस गायन पार्टीचा. एप्रिलमध्ये जयंतीचे दिवस आले, की दापोडीपासून देहूरोडपर्यंत वस्त्यावस्त्यांतून त्यांना बोलावणं असायचं. पेटी, ढोलकी, मागे कोरस आणि पुढे हे. माइक बंद पडला तरी हे थांबत नसत, आणि पहाट झाली तरी माणूस उठत नसे. असा बाप आणि त्याचा मुलगा पुऱ्यांना तोंडी लावायला गातो! मंडळाच्या पाडव्याला त्यांनी संभाजीला पहिल्यांदा ऐकलं. दुसरं कडवं सुरू होतंय तोच मी ओरडले, शिट्टी वाजली, तो खाली उतरला. श्यामरावांनी श्रीखंडाकडे बघत विचारलं, "गाणं होतं का सूचना होती?"

हे मला सुजातानं सांगितलं, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला, पुऱ्या लाटता लाटता. पापाटोएटोतल्या एका शाळेचा हॉल आम्ही भाड्यानं घेतला होता. सुजाता नर्स आहे, तिच्या पुऱ्या एकसारख्या गोल येतात.

"काकू, घरात बापलेक बोलतच नाहीत हो," ती म्हणाली. "यानं बाबांसाठी नवीन गाणं केलंय. म्हटलं, घरी म्हणून दाखव. तर बाबा म्हणाले, गाणं घरात नसतं म्हणायचं, माणसांत म्हणायचं असतं. माणसांत पुरं म्हण, मग मी ऐकीन. आता हा गॅरेजचं दार लावून नुसतं ध्रुपद घोळवत बसतो आणि बाबा दाराबाहेर पेपर घेऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, ऊन इथे बरं येतं."

"मग आज म्हणेल की."

"आजच म्हणायला हवं. बुधवारी बाबांचं विमान आहे. गुडघे पुन्हा एवढा प्रवास करायचे नाहीत म्हणतात. पुन्हा काही ते येत नाहीत."

वाईट वाटलं, पण पुरी गरमच वाढायची असते, त्यात मी कुणाचं ऐकत नाही. बाहेर मृणालिनीताईंचा आवाज आला, "आता संभाजी आपलं लाइट काहीतरी सादर करेल." पाठोपाठ गिटार वाजली. सुजाता हात पुसून ऐकायला पळाली.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि दारात श्यामराव. नीट इस्त्रीचा पांढरा सदरा, जाकीट, पायात सिद्धीनं दिलेले लाल जँडल्स. त्या दारावर शाळेनं पाटी लावली होती, की स्वयंपाक चालू असताना दार बंद ठेवा, पॅसेजमध्ये धुराचा अलार्म आहे. हे दार खांद्यानं उघडं धरून उभे. एक कान माझ्याकडे, एक हॉलकडे.

"ताई," ते हळूच म्हणाले, "जरा दमानं तळा की."

"म्हणजे?"

"म्हणजे... घाई कशाला? पोरगं गातंय."

"अहो, दमानं तळल्या तर पुऱ्या तेल पितात."

"पिऊ द्यात. आमचं आम्ही बघू."

"तुमचं तुम्ही काय बघणार? शंभर माणसं माझ्या नावानं बोटं मोडतील!"

त्यांनी आत येऊन चक्क माझ्या हातातला झारा काढून घेतला. मी एका मोठ्या माणसाशी झाऱ्यावरून झटापट करणार नव्हते. म्हणून तोंडानं भांडले. पुरीचं पीठ, तेलाचा ताव, लोकांची भूक, सगळं त्यांना समजावून सांगितलं. तेही हटेनात. "आमच्या खडकीत लोक गाणं संपल्यावर जेवायचे." मी म्हटलं, "तुमच्या खडकीत हॉल दोनला खाली करावा लागत नव्हता." या सगळ्यात गॅस कुणी बारीक करायचा? तेल धुरावलं, धूर उघड्या दारातून शिस्तीत पॅसेजमध्ये गेला, आणि अख्खी शाळा बोंबलायला लागली.

मी गॅस बंद केला, कढईवर ताट टाकलं आणि श्यामरावांना दंडाला धरून बाहेर काढलं. सगळं मंडळ पार्किंगमध्ये आलं होतं. मराठी माणूस आगीतून काय वाचवतो ते मी त्या दिवशी पाहिलं. देसाईकाकांनी श्रीखंडाचं पातेलं आणलं होतं. मृणालिनीताईंनी समई आणि शिट्टी. एकानं नुसतीच खुर्ची. श्यामरावांच्या हातात माझा झारा होता. आणि संभाजीच्या गळ्यात गिटार, कारण ती काढायचं त्याला सुचलंच नव्हतं. सिद्धी म्हणाली, "डॅड, यू वेअर ओन्ली अप टू द सेकंड व्हर्स."

फायर ब्रिगेडचा बंब आला आणि फाटकातच उभा राहिला. त्यातून उतरलेला अधिकारी दारापेक्षा रुंद होता. "किआ ओरा, एव्हरीवन," तो म्हणाला, "आम्ही आत बघून येतो. तोवर कुणी हलायचं नाही." हलणार कुठे? पुढे बंब, मागे कुंपण, आत पुऱ्या. मे महिन्याचा गार वारा सुटला होता. मंडळाच्या इतिहासात प्रथमच शंभर माणसं अशी एका जागी उभी होती, की ज्यांना करायला काहीही नव्हतं.

संभाजीनं इकडेतिकडे पाहिलं. मग त्यानं कुणाला न विचारता तार छेडली.

गाणं फोनकार्डाचं होतं. आम्ही सगळे तेव्हा डेअरीतून कार्ड आणायचो, नखानं खरवडून लांबलचक नंबर काढायचो आणि रविवारी घरी फोन लावायचो. लाइन लागली, की दोन्हीकडून पहिली काही मिनिटं एकच वाक्य.

"हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?"

माइक नव्हता. पार्किंगच्या टोकाकडून कुणीतरी गमतीनं ओरडलं, "येतोय, येतोय, बोल!" आणि हसू पसरलं. पुढच्या वेळी दहाजणांनी ओरडून उत्तर दिलं, त्याच्या पुढच्या वेळी सगळ्यांनी. दुसऱ्या कडव्यात आई विचारते जेवलास का, शेजारची काकू विचारते तिकडे किती वाजले, आणि भाऊ विचारतो टीव्ही केवढा घेतलास. लोक हसून हसून बेजार. देसाईकाका पातेल्यावर ठेका धरून होते. मी पहिल्यांदाच त्याचं दुसरं कडवं ऐकत होते.

तेवढ्यात तो रुंद अधिकारी बाहेर आला आणि त्यानं अंगठा वर केला. "ऑल गुड. स्वीट ॲज. जा आत, तुमचं जेवण मस्त दिसतंय."

मृणालिनीताईंनी सवयीनं शिट्टी तोंडात धरली. संभाजीनं ते पाहिलं. डोळे मिटले आणि तो तिसऱ्या कडव्यात शिरला.

"शेवटी फोन बाबांकडे.
बाबा म्हणतात, बरं, ठेवू?
मी म्हणतो, ठेवा.
ते ठेवत नाहीत.
मीही ठेवत नाही.
कार्ड संपत येतं,
श्वास ऐकू येतो,
कुणीच ठेवत नाही."

हॉलचं दार सताड उघडं होतं. पुऱ्यांचा वास बाहेर येत होता. शंभर उपाशी माणसांतलं एकही हललं नाही. मृणालिनीताईंच्या तोंडात शिट्टी तशीच होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी माझं काय सांगू? माझे वडील तर फोनवर पुरतं एक वाक्यही बोलत नसत, आणि त्या वर्षी तो फोनही थांबला होता. मी पदर तोंडाला लावला.

ध्रुपद शेवटचं आलं. "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" या वेळी सगळे डोळे पुसण्यात गुंतले होते. संभाजी वाट बघत थांबला. त्याला वाटलं असणार, की आपलं पुन्हा फसलं.

मग माझ्या शेजारून आवाज उठला. सत्तरीच्या माणसाचा, पण माइकशिवाय देहूरोडपर्यंत जाणारा. झारा छातीशी धरून श्यामराव गात होते, कोरसवाल्यासारखे, मुलाच्या पट्टीत.

"येतोय रे, बोल! येतोय रे, बोल!"

त्यांच्या मागून सगळं पार्किंग गायला लागलं. फायर ब्रिगेडचे तिघेही गात होते. काय गातोय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सूर आमच्यापेक्षा चांगला होता. बापलेकांनी ते ध्रुपद किती वेळा घेतलं कोण जाणे. दोघंही संपवायला तयार नव्हते.

पुढे संभाजीला कार्यक्रमपत्रिकेत जागा मिळाली, स्वतंत्र, जेवणानंतरची. ते गाणं इथल्या रविवारच्या रेडिओवर लागलं, मग वेलिंग्टनच्या मंडळानं त्याला बोलावलं. या वेळी नव्या सीडीवर फोटो गिटार घेऊन काढला. तरी चिरागभाईंनी ती भजनांतच ठेवली. तिथे खपते म्हणे. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी आम्ही आत जाऊन पानं वाढली. श्यामरावांनी झारा धुऊन मला परत दिला आणि रांगेत उभे राहिले. पुरी हातात घेतली. दाबून बघितली. चिवट झाली होती, मलाच बघवेना. ते वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ताई, तुमच्या पुऱ्या पार गार झाल्या की हो!"

असा आनंदानं फुललेला चेहरा मी पुरी खाताना कुणाचा पाहिला नाही. त्यांनी आणखी चार मागून घेतल्या.