पिंपळापुऱ्यांचे वाया गेलेले निरोप

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक लांब टेबल. त्यावर निळा कपडा, त्याची झालर एका बाजूला सुटलेली. टेबलावर शाल, श्रीफळ आणि झाकण नसलेला पाण्याचा तांब्या. मागे फलक: ‘निरोप समारंभ’. फलक कायमचा, खालचं नाव तेवढं दर वेळी कागदावर लिहून चिकटवायचं. स्थळ, भोपाळच्या सोनागिरीतलं मराठी मंडळाचं सभागृह. मायक्रोफोन आधी शिट्टी मारतो, मग खोकतो, आणि डाव्या बाजूने प्रवेश करतात नरहर पिंपळापुरे.

माणूस इतका उंच की माइकचा दांडा वर ओढता ओढता कार्यकर्त्याच्या हातात निघून आला. पिंपळापुऱ्यांनी तो तसाच घेतला आणि आयुष्यभर म्हटलेलं वाक्य म्हटलं, “आज या ठिकाणी आपण जड अंतःकरणाने जमलो आहोत.”

मूळचे नागपूरचे, शेजारच्या सरकारी कारखान्यात प्रशासन विभागात होते. फायली त्यांच्या टेबलावर यायच्या आणि जायच्या; त्यांचं खरं काम होतं निवृत्तीच्या भाषणांचं. निवृत्त होणाऱ्याला फंड द्यायचा कारखाना आणि रडू आणायचे पिंपळापुरे. फिटर असो, क्रेन चालवणारा असो की कँटीनमधला पोहेवाला, त्याच्या आयुष्यातली एखादी गोष्ट हे गृहस्थ बरोबर शोधून काढत, ती अशी सांगत की त्याची बायकोसुद्धा त्याच्याकडे नव्याने बघे. आणि शेवट ठरलेला: “यांच्या जाण्याने निर्माण होणारी पोकळी कधीही भरून निघणार नाही.” सोनागिरीत त्यांनी एवढ्या पोकळ्या करून ठेवल्या होत्या की वसाहत उभी कशी, याचंच नवल.

एक अभिमान मात्र त्यांना होता. “आपण निरोप दिला,” ते म्हणत, “आणि माणूस गेला नाही, असं झालेलं नाही.”

त्या जानेवारीच्या रविवारी फलकाखाली चिकटवलेलं नाव होतं जरमीना.

जरमीना त्यांची भाडेकरू, वरच्या मजल्यावरची. काबूलहून शिष्यवृत्तीवर भोपाळला शिकायला आली, तेव्हा मुलगी मुरसल कडेवर होती. नवरा हमीद मागे काबूललाच. तो अमेरिकी फौजेचा दुभाष्या. मग दोन हजार एकवीसचा ऑगस्ट आला, काबूल पडलं, हमीदला शेवटच्या गर्दीतल्या एका विमानात जागा मिळाली आणि तो कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला जाऊन पडला. मायलेकी सोनागिरीत अडकल्या. राहायची परवानगी दर वर्षी नव्याने मागायची, नोकरी करायची नाही. मुलांना गणित शिकव, ब्लाउज शिव, असं चाललेलं. हमीदने तिकडे अर्ज केला, वर्षानुवर्षं चौकशा झाल्या, शेवटी दोघींना मंजुरी आली आणि तिकिटंही आली.

मुरसल एव्हाना वसाहतीत मराठीत भांडत होती. पिंपळापुऱ्यांना ती आजोबा म्हणे, आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांनीच मोजे. अंगणातला कडुलिंब तीन आजोबा. पाण्याची टाकी दीड आजोबा, आडवा. मोजमाप घ्यायला त्यांना हात खाली सोडून ताठ उभं राहावं लागे आणि हललं की ओरडा बसे.

तर भाषण झालं, जरमीना रडली, सभागृह रडलं. पिंपळापुऱ्यांच्या पत्नी रजनीकाकूंनी ओटी भरली, तळहातावर दही-साखर ठेवली आणि कानात सांगितलं, “जाते म्हणायचं नाही गं. येते म्हण.”

“येते, काकू,” जरमीना म्हणाली.

आणि आली की!

हबीबगंज स्टेशनचं नाव बदलून तीनेक वर्षं झाली, तरी पिंपळापुरे तिथेच जातात. विमानासाठी दिल्लीला नेणारी गाडी फलाटाला लागलेली, सामान आत चढलेलं, आणि जरमीनाच्या फोनवर संदेश आला. अमेरिकेत नवं सरकार बसलं होतं. त्याने निर्वासितांना घेणंच थांबवलं होतं. तिकिटं रद्द.

सामान खाली उतरवलं. आणून सोडणारा रिक्षावाला अजून बाहेरच होता, त्याने भोपाळी थाटात हाक दिली. “को खां, काकाजी, ट्रेन छूट गई?”

“ट्रेन खड़ी है,” पिंपळापुरे म्हणाले. “अमेरिका छूट गई.”

खरी पंचाईत पुढेच. ज्याला समारंभपूर्वक निरोप दिला, तो दुसऱ्या दिवशी मेथी घेताना दिसला तर करायचं काय? नमस्कार करायचा की हळहळायचं? लोक हातगाडीच्या आड होऊ लागले. तिच्या शिकवणीची मुलं दुसऱ्या सरांकडे गेली होती. त्यांना परत मागायचं कसं? भरून न निघणारी पोकळी चार दिवसांत भरली होती, आणि आता जरमीनाला शिरायला जागा नव्हती.

मंडळाचे खजिनदार गिरीश लाखे वाटच बघत होते. “काय पिंपळापुरे, तुमच्या निरोपाला गॅरंटी वगैरे असते की नाही?”

“असते. माणूस पाठवून देणाऱ्याची. घेणाऱ्याची कोण देणार?”

रजनीकाकूंचं निदान वेगळं होतं. “माझंच चुकलं. दही घातलं म्हणून परत आली. वर येते म्हणायला लावलं.”

सॅक्रामेंटोत हमीदसारख्यांसाठी झटणारी एक संस्था होती, फौजेतून निवृत्त झालेल्यांनी काढलेली. तिथली कॅरल नावाची बाई व्हिडिओवर आली. तिने सांगितलं, आम्ही खासदारांकडे जातोय, कोर्टात जातोय; तुम्ही शेजारी आहात, या कुटुंबाविषयी मनापासून लिहून द्या.

पिंपळापुरे तीन दिवस लिहीत होते. मनापासून लिहायचं म्हटल्यावर त्यांना एकच प्रकार येत होता. जरमीनाताई आमच्या वसाहतीचं भूषण आहेत. मुलांचं गणित त्यांच्यामुळे सुधारलं. दिवाळीत त्यांच्या करंज्यांना तोड नव्हती. त्या इथे साखरेसारख्या विरघळल्या. त्यांच्या जाण्याने निर्माण होणारी पोकळी कधीही भरून निघणार नाही.

कॅरलने पत्र वाचलं आणि पुन्हा व्हिडिओवर आली. बाईचा चेहरा पडलेला.

“मिस्टर पिंपळापुरे, पत्र फार सुंदर आहे. हे खासदारांना दाखवलं तर ते म्हणतील, इतकं छान चाललंय तर हलवता कशाला?”

पिंपळापुऱ्यांनी फोन उलटा करून ठेवला. चाळीस वर्षांत त्यांच्या भाषणाने कुणाची वाट अडली नव्हती.

रजनीकाकू म्हणाल्या, “मग उलटं लिहा. भाडेकरू वाईट आहे, घेऊन जा म्हणावं.”

“काय वाईट आहे?”

काकूंनी बराच विचार केला. “गच्चीचं दार लावत नाही.”

तेवढंच निघालं. ते घेऊन पिंपळापुरे जिना चढून वर गेले. एवढ्या वर्षांत भाषणासाठी नव्हे, तर नुसतं विचारायला म्हणून पहिल्यांदाच. जरमीना मशीनवर बसली होती.

“बेटा, तुला इथे काय कमी आहे? स्पष्ट सांग. चांगलं सांगू नकोस, चांगलं लिहून झालंय.”

जरमीना हसली. “काका, तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटू दे. कामाचं आहे.”

उत्तर द्यायच्या आधीच पलंगावरून मुरसल बोलली, “आजोबा, बाबा किती आजोबा आहेत?”

“म्हणजे?”

“केवढे आहेत? फोनमध्ये इथपर्यंतच असतात.” तिने छातीवर हात ठेवला. “आणि लांब उभे राहिले तर बोटाएवढे होतात.”

जरमीनाने मशीन थांबवलं. “मी सांगते तिला, पाच फूट अमुक इंच. तिला फूट नको असतात. तिला तुम्ही हवे असता.”

पिंपळापुरे खाली आले आणि त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात छोटं. ‘या मुलीला आपला बाप केवढा आहे हे माहीत नाही. आम्ही तिला बाकी सगळं देऊ शकतो.’

कॅरलने ते पत्र जिथे जिथे न्यायचं तिथे नेलं. त्यामुळे काही झालं की नाही, देव जाणे, पण मे महिन्यात आशेला जागा झाली. एका न्यायाधीशाने सांगितलं होतं की ज्यांची तिकिटं आधीच निघाली होती, त्यांचा तरी विचार करा. नव्या तारखा आल्या. फलकाखाली जरमीनाचं नाव पुन्हा चिकटलं.

या खेपेला मंडळाची आधी बैठक झाली, अजेंड्यावर एकच विषय: दही. रजनीकाकूंनी ठराव मांडला की दही घालू नये. लाखे म्हणाले, ताक चालेल का? शेवटी असं ठरलं की दही नाही, ओटी नाही, आणि जरमीनाने स्वच्छ, मोठ्याने ‘जाते’ म्हणायचं. भाषणात पिंपळापुऱ्यांनी पोकळी गाळली. सभागृहाला चुकल्यासारखं झालं, मागून कुणीतरी “पोकळी! पोकळी!” म्हणून आठवणही केली.

“जाते!” जरमीना माइकवर म्हणाली. पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

जूनमध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली. तिकिटं पुन्हा रद्द. या वेळी निदान स्टेशनवर तरी जावं लागलं नाही.

“म्हणजे दह्याचा दोष नव्हता,” काकू म्हणाल्या.

“दही बिचारं निर्दोष सुटलं,” लाखे म्हणाले. “तेवढाच एक निकाल आपल्या बाजूने.”

नोव्हेंबरात तर अफगाण म्हटलं की सगळ्या फायलीच बंद झाल्या. कॅरल फोनवर रडली आणि पिंपळापुऱ्यांनी तिची समजूत काढली, ही एक नवीनच जबाबदारी.

आता नाट्य बघा. पिंपळापुऱ्यांचा मुलगा अजिंक्य कॅलिफोर्नियातच, हमीदपासून गाडीने काही तासांवर. तो कितीदा बोलवायचा. हे जायला तयार नसत. तिकडे थंडी, तिकडे चहा पाणचट. मागे एकदा त्याच्या हट्टासाठी व्हिसाला अर्ज केला होता, तर खिडकीपलीकडच्या साहेबाने विचारलं, काय करता? हे म्हणाले, निरोप देतो. साहेब हसला आणि दहा वर्षांचा व्हिसा दिला. ज्याला जायचं नव्हतं, त्याला दहा वर्षं. जिला जायचं होतं, तिला दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

“मी जातो,” डिसेंबरात एके दिवशी पिंपळापुरे जेवता जेवता म्हणाले. काकूंची पोळी तव्यावरच राहिली.

मग मंडळापुढे पेच: पिंपळापुऱ्यांना निरोप देणार कोण? बोलता कुणालाच येईना. लाखे उभे राहिले, “पिंपळापुरे म्हणजे...” म्हणाले आणि खाली बसले. शेवटी जरमीना उठली. तिने दोनदा ऐकलेलं भाषण तिला पाठच होतं. “आज या ठिकाणी आपण जड अंतःकरणाने जमलो आहोत,” ती म्हणाली, आणि सभागृह हसलं. पुढचं भाषण तिने केलंच नाही. पिंपळापुऱ्यांच्या तळहातावर तिने चमचाभर दही ठेवलं. “काका, येतो म्हणा.”

“येतो,” ते म्हणाले, आणि दही खाली सांडलं.

सॅक्रामेंटोत हमीदच्या एका खोलीच्या घरात अजिंक्यने फोन खिडकीत टेकवून ठेवला, लांब, पिंपळापुरे आणि हमीद दोघंही डोक्यापासून पायापर्यंत दिसतील असा. हमीदच्या खांद्यावर जरमीनाने पाठवलेली शाल होती, पहिल्या निरोपाची. इकडे सोनागिरीत मुरसल पडद्याला नाक लावून बसली होती, मागे जरमीना आणि काकू.

पिंपळापुऱ्यांनी सवयीने घसा साफ केला. “आज या ठिकाणी...” म्हणाले, आणि वळून बघितलं. शेजारी हमीद उभा होता. तो त्यांच्या खांद्याच्याही खालीच संपत होता. इतकी वर्षं मुरसलने तो आभाळाएवढा कल्पिला असणार. हमीद टाचा उंचावू लागला.

“बाबा, पाय खाली!” भोपाळहून ओरडा बसला.

हमीदने टाचा टेकवल्या. पिंपळापुऱ्यांनी हात खाली सोडले, पाठ ताठ केली, श्वास रोखला, आणि म्हणाले:

“मोज, मुरसल. आम्ही हलत नाही.”