इस्माईलभाईंचा नियम

इस्माईलभाई सलाम करायच्या आधी विचारायचे, "पोर काय शिकतंय?" दोह्यात, वेस्ट बेमधल्या आमच्या कचेरीत मी रुजू झालो तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. तसं सांगितल्यावर म्हणाले, "मंग भाऊ-बहीन कुनी शिकत आसंल की!" हा गृहस्थ आपल्याला सहजासहजी सोडणार नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, कचेरीत क्लार्क. त्यांच्या गावची कतारमध्ये नोकरीला असलेली माणसं दर महिन्याला वर्गणी काढत आणि त्यातून गावातल्या मुलांच्या शिक्षणाला मदत जाई. तो फंड इस्माईलभाई चालवत. चालवत म्हणजे काय, हात धुऊन लोकांच्या मागे लागत. मासळीबाजारात एखादा गाववाला दिसला की आपली पिशवी माझ्या हातात कोंबून त्याला गाठत. तो बिचारा हमूर माशाचा भाव करायचं सोडून आधी वर्गणी देऊन मोकळा होई.

"शिकायला मदत चार परकारची," ते बोटांवर मोजून सांगत. "एक दिली ती दिली, परत मागायची नाय. दुसरी, बिनव्याजी कर्ज. तिसरी, फी माफी. चौथी, कालेजातच काम करायचं नि फी भागवायची. पाचवा बापाचा खिसा, तो सगळ्यात आधी खलास!" आणि स्वतःच खदखदून हसत.

फंडाचा एक नियम त्यांनी भांडून करून घेतला होता. एकदा कुवेतला नोकरी असलेल्या बापाने मुलासाठी मदत उचलली आणि गावातल्या एका होडीवाल्याची पोरगी तशीच राहिली. तेव्हापासून, ज्या घरात गल्फचा पगार येतो त्या घरात फंडाचा पैसा जायचा नाही. कर्ज म्हणूनसुद्धा नाही.

मग त्यांची नसीमा बारावी झाली. पोरगी हुशार, आणि वडिलांच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी. तिला कॉम्प्युटर शिकायचं होतं. भारतात गल्फच्या मुलांना वेगळी, भरमसाट फी. तिचा मामा अमेरिकेत होता. त्याच्या घराजवळच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. राहणं-जेवणं मामाकडे, फी तेवढी उभी करायची होती.

जेवणाच्या सुट्टीत माझ्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघं त्या कॉलेजची माहिती बघत बसायचो. मी वाचायचो आणि ते एकेक बोट दुमडायचे. सरकारी अनुदान तिथल्या नागरिकांना. कर्जाला जामीनही तिथलाच नागरिक हवा, आणि मामा स्वतःच व्हिसावर. फी माफी पहिलं सत्र पार पडल्यावर. कॉलेजातलं काम तिथं पोहोचल्यावर, पण पोहोचायला व्हिसा लागतो आणि व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधी बँकेत दाखवायचा.

"म्हंजे ज्याच्याकडं हाय त्यालाच मदत," इस्माईलभाई म्हणाले. बहिणींची लग्नं आणि गावचं घर यांत त्यांची शिल्लक कधीच संपली होती. सगळ्या गावाला वाट दाखवणारा हा माणूस माझ्या तोंडाकडे असा बघत राहिला की मला पडद्यावरून नजर काढवेना. "इन्शाल्ला, होईल काहीतरी," मी म्हणालो. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

फंडाची बैठक दोह्याच्या मुऐदर भागात इस्माईलभाईंच्याच घरी होती, जुम्म्याच्या नमाजानंतर. डिप्लोमाच्या प्रवेशांविषयी सांगायला मलाही बोलावलं होतं. जेवणं झाली, मुलांची नावं निघू लागली. मध्येच इस्माईलभाई घसा खाकरून म्हणाले, "आवंदा एक कर्ज माज्या नसीमालाबी द्यावं, असं वाटतं. मी फेडीन, म्हैन्याच्या म्हैन्याला."

 मग त्यांच्यातले वडीलधारे हसनचाचा मोठ्याने हसले. "इस्माईल, तुजी मस्करी काय जात नाय! आमच्यावर नियम घातलास नि आता तूच मागतोस?" झालं, सगळी बैठक हसायला लागली. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. ज्याच्या हातून अख्ख्या गावाला मिळत आलं त्यालाच कमी पडत असेल, हे कुणाला खरंच वाटलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तोच इस्माईलभाईंनी माझा गुडघा घट्ट दाबला. दारात नसीमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याकडे बघत तेही हसले. "यल्ला, फुडचं नाव घ्या," म्हणाले.



नसीमा अमेरिकेला गेली नाही. दोह्यातच एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटांच्या कामाला लागली. तिचा पहिला पगार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई माझ्या टेबलापाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. खिशातून एक नोट काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"नसीमानं फंडाला वर्गनी दिली," ते म्हणाले. "म्हनते, अब्बा, आता मी पन गल्फचा पगार घेते."

त्यांनी नोट माझ्याकडे सरकवली, मग परत आपल्याकडे ओढली.

"पोरीकडनं ही घेऊ कशी, सांगा? आनि नको तरी कसं म्हनू?"