हळू चाललेली गाडी

हे कुणाच्या हाती पडलंच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि वाकडंतिकडं अक्षर पोटात घाला. चौथीनंतर पेन धरायची वेळ फारशी आली नाही.

मी घरी टॉवेलांच्या कडा शिवते. शिवलेले गठ्ठे हातगाडीवरून कारखान्यात पोचवायचे. आधी आमचे हे गाडी न्यायचे. यांची पाठ धरली, तसा कारखान्यात माल मोजून घेणाऱ्या अक्कांचा निरोप आला, की माल वेळेत येणार नसेल तर काम दुसरीला देऊ. रस्त्यानं मान वर करून चालायची मला लाज वाटते. तरी ठरवलं, गाडी मीच नेणार.

भरलेली गाडी आधी जागची हलेचना. अंग टाकून रेटली तेव्हा चाक फिरलं, मग आपली चालत राहिली. उतारावर मी ती हळूच चालवली होती. वाटलं, एवढी हळू आहे, धरली की थांबेल. चहाच्या टपरीपाशी दांडा मागं ओढला, तर गाडी मलाच ओढत पुढं गेली आणि टपरीच्या काचेच्या कपाटावर आदळली. खारी, बिस्किटं, काचा, सगळं रस्त्यावर.

चहावाल्या मामांना मी कसंबसं सांगितलं, की गाडी हळूच होती.

"हळू व्हती, तर थांबली का न्हाय?"

काचेचे पैसे थोडे थोडे फेडीन, एवढंच पुटपुटले.

घरी नववीतल्या लेकीला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "जडत्व." मला वाटलं, मलाच बोलली. सासरी मला जड जिभेची म्हणायचे.

"तुला न्हाय गं आई, गाडीला," म्हणून ती हसली.

तिनं मला आधी रिकामी गाडी ढकलायला लावली. एका हातानं हलली, एका हातानं थांबली. मग गठ्ठे चढवले. वस्तुमान वाढलं की जडत्व वाढतं, म्हणाली. थांबलेली हलवणं अवघड आणि चालती थांबवणंही अवघड. चालत्या गाडीत संवेग असतो, तो म्हणजे वस्तुमान गुणिले वेग.

"वेग कमी हुता, पण वजन किती हुतं, आई?"

दुसऱ्या दिवसापासून निम्मे गठ्ठे, दोन खेपा. टपरी दिसायच्या आधीच मागं रेलून वेग मोडायचा. रिक्षावाले म्हणायचे, मावशी, टॉवेल हायत का अंडी? मी त्यांच्याकडं न बघता पुढच्या वळणाकडं बघायची. माल वेळेत पोचत गेला. शिलाई मिळाली की जाता जाता मामांच्या हातात काही पैसे ठेवायची.

शेवटचे पैसे द्यायच्या खेपेला भरलेली गाडी नव्या काचेच्या हातभर अलीकडं उभी राहिली.

"आज बरी थांबली की," मामा म्हणाले.

मी पदराची गाठ सोडली. "मोजून घ्या, मामा. आता काही राहिलं नाही," असं त्या रस्त्यावर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. त्यांनी मोजले. काही राहिलं नव्हतं.