रुमालाखालचा हात

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन दलाल समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. चेहऱ्याने कितीही सोंग आणलं तरी रुमालाखाली हात खोटं बोलत नाही. सोलापुरातलं माझं घर याच हातावर उभं राहिलं. म्हणून तो कापायला लागला तेव्हा मी हादरलो.

प्लेगात थोरली मुलगी गेली, तेव्हापासूनचं हे. धाकटीच्या काखेत गाठ आली नाही ना, हे मी रोज सकाळी चाचपून बघायचो. ती अंग चोरायची, धान्याच्या कणगीमागे लपायची. तीच धास्ती घेऊन बाजारात बसलो की बोटं थरथरायची. समोरचा ओळखायचा, आज हा घाबरलाय, आणि मला भावात दाबायचा.

त्याच साथीत माझ्या साडूचा मुलगाही गेला. हा साडू माझ्या हाताखाली तयार झाला. बैलाचे दात बघायला मी शिकवलं. ख्रिस्ती मंडळीतही त्याला मीच नेलं. आणि शांती मिळाली कोणाला? त्याला! मुलाला माती दिल्यावर पुढच्याच रविवारी हा आमच्या ख्रिस्ती देवळात गळा मोकळा करून गात होता. त्याची लेक त्याच्या खांद्यावर बसून बाजारात यायची. पाळकसाहेब मला म्हणाले, "साडूकडून विश्वास शिका जरा." माझं टाळकं सरकलं. "त्याला मी शिकवलंय," म्हणालो आणि उपासना अर्धी टाकून घरी आलो.

प्रार्थना मीही करत होतो. तंबाखू सोडतो, रविवारी सौदा करत नाही, धाकटीला तेवढं हात लावू नकोस, असं देवाला रोज सांगत होतो. शब्दही पाळत होतो. शांतीचा माल मात्र साडूच्या घरी पोचत होता.

गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात मंद्रूपच्या एका शेतकऱ्याला खिलारी जोडी हवी होती. त्याच्या बाजूने मी आणि विकणाऱ्याच्या बाजूने नेमका साडू. एरवी आम्ही समोरासमोर बसणं टाळायचो. त्याने रुमाल टाकला. मी हात आत घातला आणि दचकलो. त्याचा हात घामाने गार होता, माझ्याहून जास्त कापत होता. वर चेहरा मात्र नेहमीसारखा.

सापडला! मला मनापासून आनंद झाला. सौदा माझ्या गिऱ्हाइकाच्या बाजूने मिटवला आणि चहाच्या पालात साडूला गाठलं.

"काय रे, देवळात तर लई गातोस. मग हात का पिंपळपानागत हलतोय?"

"व्हय की दादा. सकाळी गल्लीत उंदीर मरून पडलेत. लेकीचं अंग गरम हाय."

"मग हितं काय करतोस?"

"गिऱ्हाइकाला शब्द दिल्याला. आता घरला जातो, समद्यांना माळावरच्या झोपडीत न्हेतो."

"भ्या वाटत न्हाय?"

"रोज वाटतंय. देवाला म्हणतो, हात कापतोय बघ, असाच धर." मग हसला. "तुमी देवासंगंबी रुमाल टाकूनच बसत असाल!"

हातातला चहा जमिनीवर ओतून मी निघालो. त्याच्या लेकीचा ताप साधाच निघाला, हे नंतर कळलं. पण त्या दिवशी वाटभर जळत होतो. घाबरायचं तेही त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं.

घरी येऊन उंबऱ्यावर बसलो. दोन्ही तळवे उघडे ठेवले. कापत होते. "प्रभू, आज कसलाच शब्द देत नाही," म्हणालो. "लई घाबरलोय. तेवढंच सांगायचंय." हात थांबले नाहीत. पण किती दिवसांनी छातीवरची धोंड जरा सरकली, आणि त्या रात्री झोप लागली.

सकाळी धाकटी आपणहून समोर आली. डोळे गच्च मिटून तिने हात वर केला. "बघा."

"आज न्हाय बघायचं."

तिने एक डोळा उघडला. "उद्या?"

"उद्याबी न्हाय."

जरा विचार करून म्हणाली, "मग काका त्यांच्या लेकीला घेतात तसं मला खांद्यावर घ्या की!"

इथेही साडूच! पण घेतली. कापऱ्या हातांनी तिचे पाय घट्ट धरले आणि तसाच बाजाराच्या वाटेला लागलो.