अकरा प्रकारच्या वेळा आणि एक खंडेनवमी

प्रिय सई आणि निहार,

तुमच्या आजोबांनी गेल्या खंडेनवमीला विनयमामाचा धंदा जवळजवळ बुडवला, असे सगळी निपाणी मानते. परवा फोनवर तुम्ही दोघे त्यावर इतके हसलात की पलीकडून नुसते ठसके ऐकू येत होते. आजोबाही हसले. मी हसले नाही. (तुम्हाला वाटले, नेट गेले.) म्हणून आज दुपारची झोप सोडून, झाले ते क्रमाने लिहिते आहे.

मामाने पुण्याची नोकरी सोडून आपल्या जुन्या तंबाखूच्या वखारीत लोकांच्या गाड्या सांभाळायला सुरुवात केली, हे तुम्हाला माहीत आहेच. लांब बदली झालेले फौजी, आखातात गेलेले, मुलांकडे सहा सहा महिने राहायला जाणारे, अशांच्या गाड्या आपण ठेवून घेतो. वखारीतली तंबाखू गेली, पण वास गेला नाही. गाडी घेऊन जाणारा माणूस संकेश्वरपर्यंत शिंकत जातो! धंद्याला वर्ष होत आले होते आणि मामाने मनाशी ठरवले होते: दसऱ्यापर्यंत जम बसला तर इथे, नाही तर पुण्याला परत. आम्ही दोघे वरवर "तुझं तू बघ" म्हणत होतो. पण त्याने माळ्यावरची बॅग नुसती झटकली, तरी मी ती लगेच परत वर ठेवून येत होते.

अशातच गिऱ्हाइकांना मोबाइलवरून येण्याची वेळ ठरवता यावी, म्हणून त्याने एक सॉफ्टवेअर घेतले.

"आई, यात आधी अपॉइंटमेंटचे प्रकार घालायचे असतात. माणूस कशासाठी येणार, त्याला किती वेळ लागणार. जमेल तुला?"

जमेल? बेळगावात कॅम्पमधल्या शाळेचे वेळापत्रक बत्तीस वर्षे मी आखले! अठरा वर्ग, सव्वीस शिक्षक, एकच मैदान, आणि तरी कधी दोन वर्ग एकमेकांवर आदळले नाहीत.

"तीन-चार प्रकार पुरेत हं," मामा जाता जाता म्हणाला.

मी अकरा केले.

गाडी आणणे, वीस मिनिटे. गाडी नेणे, पंधरा. (हे मी घड्याळ लावून मोजले होते. मोजण्यासाठी घेतलेली गाडी अगदी दाराशी उभी होती, ही बाब तेव्हा मला महत्त्वाची वाटली नाही.) लग्नापुरती नेणे. धुणे. बॅटरी चार्ज करणे. पाहुण्यांना गाडी दाखवणे. गाडीत विसरलेली वस्तू शोधणे, दहा मिनिटे. ती न सापडल्यास पुन्हा शोधणे, पाच. खंडेनवमीची पूजा, नारळासह वीस, नारळाशिवाय पंधरा.

अकरावा प्रकार खास आजोबांसाठी होता. डोळे अधू झाल्यापासून त्यांची निळी गाडी वखारीच्या कोपऱ्यात उभी आहे, आणि मनात येईल तेव्हा ते पेपर घेऊन तिच्यात जाऊन बसतात. मधेच कोणाची गाडी काढायची झाली, की आधी यांना काढावे लागते!

"गाडीला भेट. रोज चार ते साडेचार," मी त्यांना वाचून दाखवले.

"माझ्याच वखारीत, माझ्याच गाडीत बसायला मी तुझी अपॉइंटमेंट घेऊ?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"अन् साडेचारला घंटा देणार हैस काय?"

(घंटेचा विचार मी केला होता. मामा नको म्हणाला.)

मग मी सगळे प्रकार नीट तपासले, लॅपटॉप मिटला आणि पोहे करायला उठले.

चार दिवसांनी मामा धावतच स्वयंपाकघरात आला. "आई! खंडेनवमी हाउसफुल! सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एक फट शिल्लक नाही!"

पडदा पिवळाधमक दिसत होता. पूजेला मी पिवळा रंग दिला होता. एकेका चौकोनावर बोट ठेवून नाव बघावे, असे आम्हा दोघांनाही सुचले नाही. भरल्या ताटात खडे कोण शोधतो? त्या दिवशी मामा पहिल्यांदाच म्हणाला, "आता पुण्याचं नाव काढत नाही." मी शिरा केला. दोनदा.

खंडेनवमी उजाडली. वखारीला झेंडूचे तोरण, दारात रांगोळी, टेबलावर माझी अकरा प्रकारांची छापील यादी. आठ वाजले. कोणी नाही. साडेआठ. कोणी नाही. नऊला रस्त्यावरून एक म्हैस आली, रांगोळीवरून चालत पुढे गेली.

"लोक राहुकाल बघून येत असतील," मी म्हणाले. (मी राहुकाल मानत नाही. पण त्या वेळी काहीतरी मानणे भाग होते.)

साडेनऊला बेळगावहून आपल्या सुभेदारांच्या मिसेस आल्या. सुभेदार आसामात; गाडी आपल्याकडे. हातात हार, काखेत नारळ, डोळ्यांत आग.

"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर आठ दिवस झाले येळ न्हाय म्हणतोय! गाडी माझी, नारळ माझा, अन् येळ मात्र तुमची व्हय?"

मी चष्मा लावते तोवर शहापूरच्या साडीवाल्यांचा टेम्पो थांबला. त्यातून अकरा माणसे, दोन कोहळे आणि एक आजारी आत्या उतरल्या. साडेदहापर्यंत दारात जत्रा भरली! सगळ्यांची एकच तक्रार: कधीही विचारले तरी वेळ नाही.

"आमची व्हॅन आधी काढा," साडीवाले म्हणाले. "पंधरा मिनिटं लिवलंय तुमच्यात."

आता वखारीत गाड्या तीन रांगांत, एकामागे एक उभ्या असतात. व्हॅन तिसऱ्या रांगेत होती. तिच्यासाठी सात गाड्या बाहेर रस्त्यावर काढाव्या लागल्या. रस्ता अडला. मागे बस थांबली. बसमधले लोक खाली उतरून प्रसाद मागू लागले! तेवढ्यात सुभेदारांच्या मिसेसनी कोणाचीही वाट न बघता एका पांढऱ्या गाडीला हार घातला, कुंकू लावले, नारळ फोडला आणि हात जोडल्यावर म्हणाल्या, "अगंबाई, ही आमची न्हवंच!" पांढऱ्या गाड्या चार होत्या.

इथवर सगळे हसण्यावारी चालले होते. मग साडीवाले शांतपणे मामाला म्हणाले, "विनयराव, उद्या व्हॅन घिऊन जातो मी. दारात उन्हात राहील, पण आपल्या वस्तूला बघायला मुदत मागायला लागत न्हाय."

"आमची बी नेतो मग," मागून कोणीतरी बोलले. माना हलल्या. मामाचा चेहरा पार उतरला. ती माळ्यावरची बॅग मला समोर दिसायला लागली.

मी लॅपटॉप उघडला. पहिल्या पिवळ्या चौकोनावर बोट ठेवले. नाव: आप्पा. दुसरा: आप्पा. तीसच्या तीस चौकोन, आप्पा! सगळे गाव तुमच्या आजोबांना आप्पाच म्हणते.

"अहो!" मी ओरडले. शाळेत हा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. "सगळा दिवस तुम्ही अडवून ठेवलात?"

कोपऱ्यातल्या निळ्या गाडीची काच सावकाश खाली आली. पेपर बाजूला झाला. आजोबांनी माझ्याकडे पाहिले, मामाकडे पाहिले, मग गर्दीकडे.

"व्हय," ते म्हणाले. "मीच केलं."

"तीस येळा पूजा, आप्पा?" साडीवाल्यांनी विचारले.

"लई पापं केल्याती हिनं," गाडीच्या दारावर थाप मारत आजोबा म्हणाले. "एका नारळात फिटत न्हाईत."

आधी आत्या हसल्या. मग सुभेदारांच्या मिसेस. मग सगळी वखार! म्हाताऱ्या माणसावर रागवायचे तरी किती? तेवढ्यात बाळाप्पा पुढे झाला. हा आपला जुना मुकादम. चाळीस वर्षे याच वखारीत त्याने तंबाखूची पोती रचली.

"सुम्निरी! गप बसा की सगळी!" तो ओरडला. "गाड्या कशाला भाईर काढतासा? देव काय रांगंत उभारतोय व्हय? मानसं आत घ्या!"

आणि माणसे आत घेतली. गाड्या होत्या तिथेच राहिल्या आणि हळदीकुंकवाचे तबक दारापासून तिसऱ्या रांगेपर्यंत फिरले. कोणाचा हार कोणाच्या गाडीला गेला, ते कोणी बघितले नाही. तास-दीड तासात सगळे आटोपले, चहाही झाला. निघताना साडीवाले म्हणाले, "विनयराव, व्हॅन ऱ्हाऊ दे इथंच. पण आप्पांना जरा आवरा."

दुपारी आजोबांच्या नोंदी पुसायला मी बसले. पहिल्या चौकोनाखाली शेऱ्याची जागा होती. त्यात लिहिले होते: "एका दिवसात किती पूजा बसतात, याची चाचणी. चाचणीनंतर सर्व नोंदी काढून टाकणे." विरामचिन्हे अचूक होती. निपाणीत अशी विरामचिन्हे देणारी व्यक्ती एकच आहे.

आजोबांचा मोबाइल तर अजून बटणांचा आहे! मी तशीच वखारीत गेले आणि निळ्या गाडीत त्यांच्या शेजारी बसले.

"मीच केलं, असं का म्हणालात?"

"नाव माझंच हुतं न्हवं?"

"ते मी घातलं होतं. तपासायला."

"ठाऊक हाय मला. माझ्यावर हसली माणसं. तुझ्यावर ओरडली असती." त्यांनी पेपराचे आतले पान मला दिले. "पोराचं काम निभावलं. आता गप वाच."

हे मी मामाला अजून सांगितलेले नाही. तुम्ही सांगितलेत, तर माझी हरकत नाही. मी त्या वेळी देवळात असेन.

मामा निपाणीतच आहे. गाड्या वाढल्या आहेत, आणि कोणती कधी कुठून काढायची, ते बाळाप्पाच्या डोक्यात आहे. मी आखलेल्या अकरा प्रकारांपैकी एकच आज टिकून आहे, "गाडीला भेट". त्याचे गिऱ्हाईकही एकच आहे, आणि तेही वेळ न घेताच येते.

तुमची,
आजी