एडनचा विस्तव

"थांब पोरी! ते नाव त्याच्या कानात सांगू नकोस!"

शेजारचा एडन आमच्या दारात उभा राहून ओरडत होता. आवाज असा, की लंडनमधल्या आमच्या ईलिंग ब्रॉडवेवरची कबुतरं उडाली ती थेट क्रॉयडनला जाऊन उतरली. आत माझ्या नातवाचं बारसं चाललं होतं. माझी मुलगी नेहा, म्हणजे बाळाची आत्या, पाळण्यात वाकलेली होती आणि "कुर्रर्र" झालं की तिच्या पाठीत धपाटे घालायला बायका हात उगारून उभ्या होत्या. ते हात तसेच हवेत राहिले. नेहा सावकाश सरळ झाली. एडनचे डोळे मात्र टेबलावरच्या केकवर खिळले होते. केकवर निळ्या क्रीमने लिहिलं होतं, 'वेलकम बेबी एडन'.

हा माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून तरुणपणी रस्ते खणायला आला आणि इथेच रुतला. उंची इतकी, की बसच्या वरच्या मजल्यावर बसलेल्यांशी तो फुटपाथवरून हवापाण्याच्या गप्पा मारी. मी जन्मभर बस गॅरेजात स्पॅनर फिरवले, तरी मला 'डॉक्टर' म्हणायचा. "भारतातून इतक्या लांब आलास तो काय नट आवळायला?" माझी बायको सुधा त्याला एडनभाऊजी म्हणे आणि दिवाळीला त्याच्यासाठी चकल्या वेगळ्या काढून ठेवी. त्याच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

आमच्या पोर्चला एक लाकडी खांब आहे. रोज संध्याकाळी त्याला उजवा खांदा टेकवून एडन उभा राही, इतकी वर्षं, की तेवढ्या जागेवर लाकूड गुळगुळीत झालं होतं. तिथून तो आपल्या नावाची गोष्ट सांगे. दर वेळी नवी भर घालून. (मीही घालतोच आहे.)

"आमच्या जुन्या भाषेत 'एड' म्हणजे आग. आधी ते एका देवाचं नाव होतं, मग राजांचं. लाडाने 'एडन' म्हणायचं, म्हणजे धाकटी आग. त्या नावाचा एक संन्यासी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर आला. राजाने दिलेला घोडा त्याने भिकाऱ्याला देऊन टाकला आणि पायी फिरला. चर्चच्या बाहेर एका खांबाला टेकून मेला. ते चर्च पुढे दोनदा जळलं, डॉक्टर. खांब जळला नाही."

एवढं बोलून तो आमच्या खांबावर टकटक करी. सुधाला ते मुळीच आवडत नसे. "भाऊजी, तिन्हीसांजेला मरणाचं काय बोलता?"

पुढची गोष्ट तो आवाज खाली आणून सांगायचा. ते नाव शेकडो वर्षं राखेखाली पडून होतं. मग आयर्लंडमध्ये कुणीतरी फुंकर घातली. तिथून ते बोटीत बसून लिव्हरपूलला आलं, चर्चच्या शाळांमधून फिरलं, अमेरिकेला पोचलं. "मी आलो तेव्हा मुकादम आम्हा सगळ्या आयरिश पोरांना सरसकट पॅडी म्हणायचा. फार बरं होतं. नाव झाकलेलं राहायचं." आणि आता, नवं शतक लागल्यावर, ज्यांनी आयर्लंड नकाशातसुद्धा पाहिलं नाही अशा आया सुपरमार्केटमध्ये "एडन, खाली ठेव ते!" म्हणून ओरडायला लागल्या. एडनच्या हातातली पावाची लादी खाली पडे.

आम्ही हसायचो. तो हसत नसे. "नाव म्हणजे विस्तव. आमच्याकडे नवी सून घर मांडायची तेव्हा सासूच्या चुलीतला निखारा नेऊन आपली चूल पेटवायची. परक्यांनी कितीही आगी पेटवू देत, मला त्याचं काही नाही. पण आपल्या माणसांनी नेला, की मागे राखच उरते. चर्चमध्ये एडन म्हणून माझ्यावर पाणी शिंपडलं आणि त्याच आठवड्यात आमचे आजोबा एडन गेले. त्यांच्या बारशाला त्यांचे चुलते एडन गेले. मला मूल नाही, म्हणून मी अजून उभा आहे."

ही गोष्ट माझ्या मुलाने, निखिलने, लहानपणी शंभरदा ऐकली होती. ऐकली, आणि शौर्यकथा म्हणून लक्षात ठेवली. कारण तो शाळेत असताना आमच्या किचनमध्ये तळणीच्या तेलाने पेट घेतला, तेव्हा हाच एडन कुंपणावरून उडी मारून आला होता. पोराला त्याने बगलेत मारलं आणि ओला टॉवेल कढईवर टाकला. ज्वाळा छतापर्यंत गेल्या होत्या. मी शपथेवर सांगतो, त्याला पाहून त्या खाली बसल्या. हातावरचा एक केस जळला नाही. त्या उपकाराची फेड म्हणून निखिलने मुलाला त्याचं नाव द्यायचं ठरवलं. सरप्राइज! इथे जन्मलेलं पोर. घरातल्या जिवंत माणसाचं नाव बाळाला देत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला आणि सुधालाही ते नाव केक आला तेव्हाच कळलं, आणि तोवर पाहुणे बसलेले.

"मी तुला आगीतून काढलं ना रे?" एडन आता ओरडत नव्हता. "मग मला का ढकलतोस?"

निखिल पांढरा पडला. "अंकल, आय थॉट यू'ड बी प्राउड."

शेवटी सुधाच पुढे झाली. "नाव बदला. आपल्यातही चालत नाही हे." दोन मिनिटं कुजबुज झाली. नेहा पुन्हा वाकली, ओठ हलले, धपाटे पडले. बाळ रोहन झालं. केकवरचं नाव सुधाने सुरीने खरवडून काढलं. एडनने वाटीभर घुगऱ्या खाल्ल्या, बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि म्हणाला, "वाचलो."

मग त्याच्या घरातल्या आगी विझायला लागल्या. आधी बॉयलरची ज्योत. माणूस येऊन तपासून गेला. यंत्रात काही दोष नाही म्हणाला. मग गॅस. मग सिगरेट. आमच्या पोर्चमध्ये, पान हलत नव्हतं अशा संध्याकाळी, तो काडीमागून काडी ओढत होता. "डॉक्टर, तुम्ही नाव बदललंत ना? नक्की?"

"सगळ्यांसमोर बदललं!"

"मग हे कोण नेतंय?"

मी माझ्या लायटरने त्याची सिगरेट पेटवून दिली. ती त्याच्या ओठांत गेली आणि विझली. भर उन्हाळ्यात त्याने ओव्हरकोट चढवला. मी चेष्टा केली, पण त्याचा हात हातात घेतल्यावर माझं हसू आटलं.

एका दुपारी कचऱ्याचे डबे बाहेर काढायला मी दार उघडलं, तर तो खांबाला टेकून उभा होता. उजवा खांदा नेमका त्या गुळगुळीत जागी. मी म्हटलं, "आज लवकर?" मेलेला माणूस उभा राहू शकत नाही, हे मलाही कळतं. तो राहिला होता. डॉक्टर, म्हणजे खरे डॉक्टर, म्हणाले, हृदय थांबलं. वय झालं होतं.

अंत्यविधीला चर्चमध्ये बाळ नेहाच्या मांडीवर होतं. फादरनी घसा साफ करून मोठ्याने म्हटलं, "एडन." आणि बाळाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सुधाने माझं मनगट घट्ट धरलं. मी कुजबुजलो, "अगं, या वयात पोरं कुठल्याही आवाजाला बघतात." मग फादर खूप वेळ बोलले, ऑर्गन वाजला, मागे कुणीतरी खोकलं. बाळाने पुन्हा मान हलवली नाही.

परतताना गाडी नेहा चालवत होती. गाडीतली शांतता मला सोसत नाही, म्हणून मी माझ्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणालो, "बरं झालं, त्या दिवशी त्याने वेळेवर थांबवलं. नाहीतर लोकांनी आपल्या बाळाला बोल लावला असता."

सिग्नल लाल झाला. नेहाने हँडब्रेक ओढला आणि समोर बघत म्हणाली,

"बाबा, एडनकाका ओरडले तेव्हा मी ऑलरेडी सांगितलं होतं. कानात."